पक्कडीने वाकवून चाकूचे लॉक सुधारत नाही

घडीच्या चाकूचे लॉक सुटू लागल्यास मुठीतील पट्टी पक्कडीने आत वाकवावी, लॉकवर तेल सोडावे आणि स्क्रू करकचून आवळावा, म्हणजे ते नव्यासारखे होते, असा सल्ला गोव्यात गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींमध्ये बराच फिरतो आहे. लॉक का सुटते, हे मात्र त्यात कोणी विचारलेले नाही.

पट्टीचा मुद्दा सर्वांत धोक्याचा आहे. लायनर लॉकमध्ये पाते पूर्ण उघडताच मुठीतील लवचीक पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे अडते, त्यामुळे पाते उघडे राहणे हे पट्टीचे टोक आणि बुडाचा तिरका भाग यांच्या जुळणीवर अवलंबून असते. पट्टीचा ताण खरोखरच कमी झाला असेल, तर चाकूचे भाग सुटे करून ती किंचित वाकवल्याने उपयोग होतो, हे मान्य. परंतु टोक झिजलेले असेल, तर वाढलेल्या ताणाने बिघडलेला कोन सरळ होत नाही. त्यावर कानस चालवणे तर आणखी वाईट, कारण धातू जितका घासला जाईल तितकी पट्टी पलीकडच्या बाजूकडे सरकते आणि पुढच्या झिजेसाठी जागाच उरत नाही.

तेल पात्याच्या खिळीला थेंबभर पुरते. पट्टी आणि बूड जिथे टेकतात तिथली पकड घर्षणावरही अवलंबून असल्यामुळे ती जागा कोरडीच हवी. आपल्याकडची खारी हवा, रेती आणि मासळीची खवले पाहता पहिला उपाय साफसफाईचा आहे: चाकू गोड्या पाण्याने धुऊन, जुन्या टूथब्रशने खाचा घासून, पूर्ण वाळवावा. बॅक लॉकच्या, म्हणजे मुठीच्या पाठीवरची कळ पात्याच्या खाचेत बसते त्या लॉकच्या, खाचेत खिशातला कचरा साचला, तरी लॉक नीट बसत नाही.

स्क्रू सैल असेल तर आवळावाच; करकचून आवळल्याने मात्र पाते अडखळते आणि पाते हलण्याचा दोष तेवढा झाकला जातो.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या लाकडी मुठीच्या चाकूंना हा सल्ला लागूच होत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांत १९५५ पासून लॉक म्हणून फिरते कडे आहे, पट्टी नाही. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पाते अडकते, आणि त्याचा दोष उगाच कड्याला दिला जातो; मूठ वाळू द्यावी.

साफसफाईनंतर, बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, उघड्या पात्याची पाठ लाकडावर हळूहळू दाबून पाहावी. तरीही लॉक सुटले, तर चाकू उत्पादकाकडे पाठवावा किंवा वापरातून काढावा.