सृष्टी बुडवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

कल्पित जगातल्या रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे खेळाडूंनी एकेक पात्र होऊन कथा खेळण्याच्या खेळाचा, गेम मास्टर, म्हणजे ती कथा रचून चालवणारा, होण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर ते जग निर्माण करण्यात फार वेळ दवडू नये; ते बुडवण्याच्या तयारीला लागावे. जग उभे करायचे म्हणजे नद्या डोंगरातून समुद्राकडे न्याव्या लागतात, गावांना नावे द्यावी लागतात आणि त्या गावांतली माणसे काय खातात, असे कोणीतरी विचारण्याचा धोका कायम राहतो. प्रलयाला असल्या चौकश्या नसतात. शिवाय कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांतून चाललेली एकच कथा, रेंगाळले, खेळाडूंनी मुख्य कथानक सोडून एका खानावळवाल्याशी भागीदारीत धंदा सुरू केला आणि पुढे काय घडवावे हे आपल्याला सुचेनासे झाले, की अब्रू राखून सुटण्याचा तेवढाच एक मार्ग उरतो. आपण कोकणात राहत असाल तर मुहूर्तही आयता आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, लावणी आटोपलेली, वीज गेलेली. अशा संध्याकाळी ओटीवर मेणबत्ती लावून वीस बाजूंचा फासा टाकायला माणसे सहज जमतात.

संकट खंडव्यापी असावे. त्याहून लहान ते सारे किरकोळ समजावे आणि याबाबतीत कोणाचेही ऐकू नये. खाडीकाठचा एखादा खेळाडू असे सुचवील, की आपल्या खेळातल्या राज्याचा घात खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबंधाऱ्यातल्या खेकड्याच्या बिळाने व्हावा. तो सांगेल, की खेकडा बांध पोखरतो तेव्हा वरून काहीच दिसत नाही. बांधाच्या आतल्या अंगाला गवताच्या मुळाशी बोटभर ओल तेवढी दिसते. मग अमावस्येचे उधाण येते, त्या बिळातून पाण्याची धार लागते, धारेबरोबर माती सुटते आणि उजाडेपर्यंत बांधाला बैलगाडी जाईल एवढे खांड पडलेले असते. पोटरीला आलेल्या भातात खारे पाणी उभे राहते. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजली आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण ती बदलण्याची पाळी कोणाच्या वाट्याची, यावरून दोन भावक्यांत गेल्या पिढीपासून बोलणे नाही. त्या खाचरात पुढची काही वर्षे भात धड होत नाही.

हे ऐकताना टेबलाभोवती शांतता पसरते, आणि तीच मोठी अडचण आहे. अशा प्रसंगी आपल्या शूरवीरांनी मंतरलेली तलवार घेऊन करायचे काय? त्यांना फावडी मागावी लागतील, भावक्यांचा समेट करावा लागेल, रात्री कंदील घेऊन बांधावरून फिरावे लागेल. आणि प्रत्येक खेळाडूला आपले नेमके काय जाणार आहे हे कळलेले असल्यामुळे कोणीही मोबाइलमध्ये डोके घालून बसणार नाही. एवढे लक्ष झेलण्याची सवय फार थोड्या गेम मास्टरांना असते. त्यापेक्षा ‘पूर्वेकडची सात राज्ये एका रात्रीत नष्ट झाली’ असे एका वाक्यात सांगावे. त्या राज्यांत कोणी कधी गेलेलेच नसल्यामुळे कोणालाही वाईट वाटत नाही आणि खेळ पुढे सरकतो.

प्रलय शक्यतो बर्फाचा निवडावा. ज्याने बर्फ रसवंतीगृहात आणि मासळीच्या पेटीतच पाहिला आहे, त्याला हिमयुगाची जी भीती वाटते ती दुसऱ्या कोणाला वाटत असेल, असे मला वाटत नाही. आपल्या दाराशी काय पडले आहे याकडे मात्र ढुंकूनही पाहू नये. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा वाहिला, तो एकदाच वाहून थांबला नाही. थरावर थर चढत गेले, आणि त्यांच्या पायऱ्या आजही कुठल्याही घाटातून उतरताना एसटीच्या खिडकीतून दिसतात. आपल्या घराचे जांभ्याचे चिरे ज्या कातळाचे, तो बहुतांशी त्याच लाव्ह्याच्या खडकाचे रूपांतर होऊन बनलेला आहे. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला, त्याचे विवर सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे आहे. आणि डायनोसॉर गेले त्यात अशनीचा वाटा किती आणि आपल्या सह्याद्रीचा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. एवढा अस्सल ऐवज पायाखाली असताना उत्तर ध्रुवावरून हिमसर्प मागवण्यात जी ऐट आहे, ती काही वेगळीच.

दख्खनच्या लाव्ह्यात आणखी एक खोट आहे, ती आपल्या प्रलयात शिरू देऊ नये: त्याने अधूनमधून विश्रांती घेतली. दोन थरांच्या मधल्या काळात माती झाली, तळी साचली, झाडे वाढली. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे खाली एक प्रलय होऊन गेलेला, वर दुसरा यायचा, आणि मधल्या वेळात ही मंडळी तळ्याकाठी आपापल्या संसारात मग्न. असा मधला काळ खेळात ठेवला, की खेळाडू तिथेच मुक्काम ठोकतात, तळ्याकाठच्यांची विचारपूस करतात आणि पुढच्या थराची वेळ आली की त्यांना हलवायचे कुठे यावर सेशनच्या सेशन घालवतात. आपण लिहून ठेवलेले ज्वालामुखीचे वर्णन तसेच पडून राहते.

आकाशात तीन चंद्र असावेत. चित्र सुंदर दिसते. त्यापलीकडे त्यांचा विचार करू नये आणि खेळायला कोळीवाड्यातला कोणी येणार असेल, तर चंद्रांचा उल्लेखही टाळावा. त्याला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे लहानपणापासून माहीत असते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान, भरती, हे त्याला पंचांग न उघडता सांगता येते. तो पहिल्याच दिवशी विचारील, की तीन चंद्र असतील तर तिथी कोणत्या चंद्राची धरायची? आपण ‘जादूचे चंद्र आहेत’ असे म्हणून वेळ मारून न्याल. पण तोवर त्याने कागद ओढून तिघांचे फेरे मांडलेले असतील आणि तिघे एका रेषेत कधी येतात ते काढलेले असेल. त्या रात्रीचे उधाण बंदरे बुडवील, खाड्यांतून कोसच्या कोस आत घुसेल, आणि त्याआधीच्या ओहोटीला समुद्र इतका मागे जाईल, की कोणी न पाहिलेला तळ उघडा पडेल. प्रलयाची तारीख आपल्याआधी खेळाडूंना कळली! ते होड्या वर ओढतील, धान्य सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर, नेतील, आणि राजा ऐकत नाही म्हणून त्याच्या दरबारात आकडे घेऊन उभे राहतील. याला मी तरी प्रलय म्हणणार नाही. ही पंचायत समितीची आढावा बैठक झाली. प्रलय कसा, कारणावाचून आणि सूचनेवाचून यावा.

कारण देण्याचा दोष आपल्या पुराणकारांना फारच होता. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा. तो मावळला की आधी शंभर वर्षे अवर्षण, मग सात सूर्य, मग संवर्तक मेघ, मग पाणीच पाणी, असा सारा क्रम त्यांनी लावून ठेवला. कोकणापुरते बोलायचे, तर परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी काढली, अशी कथा आहे. म्हणजे समुद्र आपली जागा परत मागायला उद्या दारात उभा राहिला, तर त्याची बाजू ऐकून घ्यावी लागेल. ज्याची बाजू ऐकावी लागते, असा खलनायक मुळीच घेऊ नये. दशावतारातला संकासुर तर त्याहून वाईट. वेद चोरून समुद्रात दडलेला हा दैत्य काळ्या वेशात रंगमंचावर येतो आणि मालवणीत थट्टामस्करी करून पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना हसवतो. आपला अंधाराचा अधिपती कधी हसता कामा नये. त्याने उंच मनोऱ्यात बसावे आणि त्याला जग का नष्ट करायचे आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे.

प्रलयानंतरच्या दिवसाचा विचार कटाक्षाने टाळावा, कारण तो दिवस फार लांबतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोप ओस पडला, तेव्हा उरलेल्या मजुरांनी दर वाढवले आणि 1351 मध्ये इंग्लंडला मजुरी रोखण्यासाठी कायदा करावा लागला. एवढ्या भीषण संकटाचा शेवट मजुरीच्या दरपत्रकात होणे शोभत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते काही तासांत पुढे गेले. श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या मात्र आडव्या झाल्या त्या झाल्याच, आणि नवे रोप लावून फळ हाती यायला कित्येक वर्षे जातात. खेळात असे काही आणले, तर शूरवीर रोपांना पाणी घालत बसतील, माडावर चढायला पाडेली मिळत नाही म्हणून गावोगाव हिंडतील, आणि राक्षस मारल्याचे अनुभव-गुण कोणी मागणारच नाही.

एवढी काळजी घेऊनही फाशावर कधीतरी वीस पडते. एका फाशात ही शक्यता पाच टक्के. दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत आपण भिडेखातर दिली असेल, तर जवळजवळ दहा. ऐन घटकेला गवयाचे पात्र घेतलेल्या कोणा खेळाडूने वीस टाकून जग वाचवले, तर डगमगू नये. आवाज खाली आणून सांगावे, की हा धाकटा प्रलय होता आणि थोरला अजून यायचा आहे. कधी, असे विचारतीलच. गणपतीनंतर म्हणावे, चतुर्थीपासून विसर्जनापर्यंत आरत्या-भजनांतून कोणालाच सवड नसते, आणि गौरीचे विसर्जन झाल्यावर मुंबईला परत जाणारा गवई पुन्हा दिवाळीशिवाय हाती लागत नाही.