सँडरलँडला डार्ट इंजिनं का बसवली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सँडरलँडच्या मॉडेलवरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल सकाळी ती छापून घेतली आणि कामाच्या टेबलावर समोर लावली. हवाई दलात अ‍ॅव्रोवर, म्हणजे डार्ट इंजिनांच्या वाहतूक विमानावर, अठरा वर्षं काम केलेल्या, डार्ट इंजिन स्वतःच्या हातांनी उघडलेल्या माणसानं एवढं मनापासून लिहावं, याचं मला मोल आहे. म्हणून उत्तर सविस्तर देतोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी शॉर्ट सँडरलँड या ब्रिटिश फ्लाइंग बोटीचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं, १:७२ मापाचं मॉडेल केलं. तिची पिस्टन इंजिनं काढून त्या जागी रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी गॅस टर्बाइन इंजिनं) बसवली आणि न्यूझीलंडच्या हवाई दलाचं सागरी गस्तीचं विमान म्हणून रंगवलं. तुमचे आक्षेप असे: १९३७ साली पहिल्यांदा उडालेल्या सांगाड्याला टर्बोप्रॉप लावायचा विचार कुणी केला नसता, डार्ट कुठल्या फ्लाइंग बोटीवर बसलंच नाही, खालच्या उंचीवर ते केरोसीन ढोसतं, खारं पाणी त्याला खाऊन टाकेल, माझी नॅसेल (इंजिनांची आवरणं) आखूड आहेत, आणि मुख्य म्हणजे महागडा किट वाया घालवून मी इतिहासाची मोडतोड केली आहे.

आधी जिथं मला तुमचं पटत नाही ते. सँडरलँडची इंजिनं बदलण्याचा विचार प्रत्यक्षात झाला होता, एकदा नव्हे, दोनदा. मूळची ब्रिस्टल पेगॅसस इंजिनं विमानाच्या वाढत्या वजनाला पुरेनात. शस्त्रं आली, रडार आलं, आणि वैमानिकांना इंजिनं सतत जोरात रेमटवावी लागायची, त्यामुळे ती लवकर झिजायची. त्यात बंद पडलेल्या पेगॅससच्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर वळवायची सोय नव्हती. पंखा नुसता गरगरत राहायचा आणि विमानाला मागं खेचायचा. मग हर्क्युलिस इंजिनं लावून जी बोट झाली ती पुढं सीफर्ड नावानं ओळखली गेली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियन तुकडीच्या आग्रहातून अमेरिकन ट्विन वास्प बसवलेलं मार्क ५ आलं, १९४५च्या सुरुवातीला ते सेवेत रुजू झालं. एका बाजूची दोन्ही इंजिनं बंद पडली तरी मार्क ५ उडत राहू शकायचं. खुल्या समुद्रावर बारा-तेरा तास काढणाऱ्या माणसांना याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

आणि डार्ट एका फ्लाइंग बोटीवर बसलं होतं. अमेरिकेत जॅक कॉन्रॉयनं ग्रमन अल्बाट्रॉसला दोन डार्ट लावून टर्बो अल्बाट्रॉस बनवलं, ते १९७० साली उडालं. एकच बनलं, पुढं वाढलं नाही, पण झालं खरं. ग्रमनच्याच लहान गूज आणि मॅलार्डवर प्रॅट अँड व्हिटनीची पीटी-६ टर्बोप्रॉप बसली आणि मॅलार्ड तर तशी कितीतरी वर्षं प्रवासी नेत राहिली. त्यामुळे ‘असा विचार कुणी केला नसता’ हे मला मान्य नाही.

आता इंधन. इथं तुम्ही बरोबर आहात, आणि मी चुकलो होतो. सँडरलँडच्या हलमध्ये, म्हणजे बोटीसारख्या धडात, हवेचा दाब राखता येत नाही. म्हणजे टर्बोप्रॉप जिथं परवडतं त्या उंचीवर ते माणसं घेऊन जाऊच शकत नाही. गस्त तर समुद्राला जवळजवळ चिकटून घालायची. अशा कामावर डार्टनं मूळ विमानाच्या सहनशक्तीचा, म्हणजे सलग हवेत राहण्याच्या क्षमतेचा, मोठा लचका तोडला असता, आणि सहनशक्ती हाच तर त्या विमानाचा सगळा अर्थ. फिजीतल्या लाउथाला बेवरून उडणारी न्यूझीलंडची सँडरलँड्स १९६७पर्यंत ट्विन वास्पवरच राहिली, ती उगीच नाही. तुमचं ते वाक्य वाचल्यावर माझी गोष्ट माझ्याच डोळ्यांसमोर कोसळली.

मग दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे विमान कुठं चाललं असतं?

उत्तर लॉर्ड हाव बेटावर सापडलं. सिडनीपासून साधारण ७८० किलोमीटर, तेव्हा धावपट्टी नव्हती. सिडनीच्या रोझ बेमधून अ‍ॅन्सेट या विमान कंपनीच्या फ्लाइंग बोटी तिथं प्रवासी न्यायच्या आणि बेटावरच्या प्रवाळाआडच्या लगूनमध्ये उतरायच्या. उतरायचं आणि उडायचं ते भरतीचं गणित बघून. कोकणात खाडीकाठी वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, ओहोटीला तिथं पाणीच पुरत नाही. १९६३ साली वादळात एक सँडरिंगहॅम (सँडरलँडचं प्रवासी रूप) तिथंच निकामी झाली, आणि तिच्या जागी न्यूझीलंडच्या हवाई दलाचं एक जुनं सँडरलँड घेऊन प्रवासी विमान केलं गेलं. नाव ‘आयलंडर’. १९७४ साली बेटावर धावपट्टी झाली आणि ही सेवा थांबली.

या मार्गावर तुमचा आक्षेप उलटा फिरतो. बारा तासांच्या इंधनाच्या टाक्या, आणि उड्डाण साडेतीन तासांच्या आसपासचं. डार्ट कितीही प्यायलं तरी टाकीत उरतं. फायदा मात्र वेगाचा नाही. माझी आधीची समजूत इथंही कच्ची होती. ट्विन वास्प १,२०० अश्वशक्तीचं, सुरुवातीचं डार्ट साधारण १,५०० चं. ताकद पाव पटीनं वाढली तरी वेग घनमुळाच्या हिशेबानं जेमतेम आठ टक्के वाढतो, म्हणजे सगळ्या प्रवासात पंधरा मिनिटं. खरा फायदा उड्डाणाच्या वेळी. भरलेली बोट पाण्याची पकड सोडून तळाच्या पायरीवर चढते त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात जास्तीची ताकद लागते. लगून लहान, भरती ठरावीक वेळ, अशा जागी पाण्यावरची धाव कमी होणं ही मोठी गोष्ट.

खाऱ्या पाण्याबद्दल मी अर्धा तुमच्या बाजूनं. मीठ इंपेलरला (इंजिनात हवा दाबणाऱ्या चाकाला) सोडणार नाही, दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुणं आलंच, आणि तो खर्च माझ्या हिशेबात नव्हता. पण डार्टचा पंखा व्हायकाउंट या प्रवासी विमानावर १० फूट व्यासाचा होता, सँडरलँडच्या मूळ पंख्यापेक्षा लहान. तो पाण्यापासून तेवढाच वर राहतो. आणि डार्टचे दोन टप्प्यांचे सेंट्रिफ्यूगल इंपेलर किती दणकट, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नॅसेल तर आखूडच होती. ट्विन वास्पच्या काउलिंगचा (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाचा) मागचा भाग तसाच ठेवून मी पुढं नुसतं तोंड बदललं होतं. डार्ट जवळजवळ अडीच मीटर लांब, म्हणजे या मापात साडेचौतीस मिलिमीटर, आणि माझ्याकडे पुढं आलेला भाग होता सव्वीस. चारही कापून काढली. नवीन मास्टर व्हाइटबोर्ड मार्करच्या नळीवर एम-सील चढवून केला, काचपेपरनं घासून घासून पंधरा मिलिमीटर व्यासावर आणला. मग सिलिकॉनचा साचा, आणि त्यातून रेझिनची चार ओतकामं. पहिल्यात हवा घेणाऱ्या तोंडाच्या कडेवर राईएवढा बुडबुडा राहिला. स्पिनरभोवतीची (पंख्याच्या मधल्या टोपीभोवतीची) ती गोल फट म्हणजे डार्टची ओळख, तिची कड सुईसारखी बारीक दिसली नाही तर सगळंच जाड वाटतं. ते टाकून दिलं, पुन्हा ओतलं. आता समोरून बघितलं की चार सडपातळ नॅसेल त्या जाडजूड पंखातून बाहेर येतात आणि बोट एकदम विसेक वर्षांनी तरुण दिसते. लहानपणी लोहगावच्या बाजूनं अ‍ॅव्रो यायचं तेव्हा ते दिसायच्या आधी डार्टची शिट्टी ऐकू यायची. काल नॅसेल हातात धरल्यावर तीच आठवली.

राहिला इतिहासाचा मुद्दा. तुमची काळजी मला खरी वाटते, एखाद्या शाळकरी मुलाला हे विमान खरंच होतं असं वाटू शकतं. म्हणून स्टँडवर आता ठळक पाटी आहे: ‘असं विमान कधीच बनलं नाही.’ पण मोडतोड हा शब्द मी स्वीकारत नाही. मार्क ५चं मॉडेल मी याआधी दोनदा केलंय, सूचनापत्रकाप्रमाणे, आणि दोन्ही वेळा पेगॅससचे पंखे वाऱ्याला समांतर वळत नव्हते हे मला माहीत नव्हतं. ते कळलं या मॉडेलमुळे. जे घडलं नाही ते पटेल असं दाखवायचं तर जे घडलं ते का घडलं हे शोधावंच लागतं, आणि शोधताना चुकलो तर तुमच्यासारखं कुणीतरी पकडतं. किट वाया गेला असं मला एक क्षणही वाटलेलं नाही.

गस्तीचा करडा रंग काल उतरवला. नाकावरच्या टरेटची (बंदुकीच्या फिरत्या घुमटाची) जागा बुजवून गोल केली. वर पांढरा, खाली चंदेरी आणि खिडक्यांच्या रांगेखालून एक लाल पट्टा येईल, हा पट्टा पूर्णपणे माझ्या मनातला.

एक गोष्ट मात्र अडली आहे. जळालेल्या वायूची नळी आधी पंखाखाली होती, समुद्राच्या पाण्याचे तुषार बसतील हा तुमचा आक्षेप मानून ती आता पंखाच्या वरून मागं नेली. पण सँडरलँडचे फ्लॅप मागं सरकत खाली येतात, आणि ते बाहेर आले की गरम झोत थेट त्यांच्यावर जाईल असं मला दिसतंय. नळीचं तोंड पंखाच्या पत्र्यापासून किती वर ठेवावं, आणि थोडं बाहेरच्या बाजूला वळवलं तर चालेल का? तीन नॅसेल चिकटवून झाली आहेत, त्यांच्या नळ्या अजून सुट्या आहेत. उजवीकडचं बाहेरचं नॅसेल पंखाशेजारी तसंच ठेवलंय. तुम्ही माप सांगितलंत की त्यावर आधी लावून बघतो.