सत्त्याण्णव खुर्च्या

कंबर दुखतेय म्हणून आडवं पडून टाइप करतोय. सोसायटीत कोजागिरी होती, खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे आलं, कसं आलं ते सोडा, ग्रुपवर ज्याचं शेवटचं "ओके" असतं त्याच्याच गळ्यात पडतं. मागवल्या होत्या ९६, डेकोरेशनवाल्याचा पोट्टा ९७ टाकून गेला. मी बाराबाराच्या आठ लायनी लावल्या आणि एक खुर्ची भिंतीशी ठेवली. तिथेच तळमजल्याचे काका आले.

"हे एक काऊन उरलं बाप्पा?"

"जास्तीची आली काका."

"भाडं तं लागते ना तिचं? लायनीत घे. बरोबर भाग जाईन असं लाव."

आता ९७ ला कशाने भाग घालू? ९६ किती सज्जन आकडा, २×४८, ३×३२, ४×२४, ६×१६, ८×१२, कोणाशीही जमवून घेतो. ९७ मूळ संख्या, १ आणि स्वतः सोडून कोणाला उभं करत नाही. काका म्हणे, "१३ नं पाह्यलं का?" मी म्हटलं काका, ७ च्या पुढे बघायची गरजच नाही, दाहे दाहे शंभर, ९७ त्याच्या आत, म्हणजे जोडी असलीच तर त्यातला एक विभाजक १० च्या खालीच असणार, आणि २, ३, ५, ७ कोणाचाच भाग जात नाही, विषय संपला. "न पाहताच नाई म्हनाचं, हेच शिकवलं का तुमच्या इंजिनिअरिंगनं?" आणि मोबाइल काढून उभे, १३, १७, १९, २३... उत्तर पॉइंटमध्ये आलं की माझ्याकडे बघायचे, तो पॉइंट मीच टाकल्यासारखं.

शेवटी म्हणाले, "एक गुणिले ९७ तं होते ना? मंग एकच लाइन लाव."

एकच लाइन! खुर्ची दीड फुटाची धरली तरी जवळपास दीडशे फूट, म्हणजे गेट ओलांडून समोरच्या पानठेल्यापर्यंत. "चालते न, तिकडच्यायले खर्रा भेटन."

मग जुना रुपया निघाला. सोळा आणे, आण्याचे १२ पै, एकूण १९२, "तिघात वाटला तं ६४-६४, काई उरत नोयतं." १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा काका चड्डीत असतील, पण दुःख कालचं. तसा मुद्दा खोटा नाही, १०० चे तीन सारखे भाग होतच नाहीत. पण ते मी वाकून खुर्च्या ओढत असताना कशाला? एक उचला ना! बिल्डिंगभर पोट्टे गॅलरीतून रील काढत होते, एकही खाली आला नाही, आणि दूध प्यायला मात्र सगळ्यात पुढे.

दुधाचे ग्लास २५ च्या पाकिटात, चिवड्याच्या प्लेटा २० च्या. दोन्ही सारखे हवेत म्हणून मी शहाण्यासारखा लसावि काढला, १००, ग्लासची चार पाकिटं, प्लेटांची पाच. "मंग हे तीन ग्लास काऊन उरवले?"

कार्यक्रम सुरू झाल्यावर लायनी कोणी बघितल्या, सगळ्यांनी खुर्च्या ओढून आपापले घोळके केले, काकांनी दोन घेतल्या, एक पायाला.

सकाळी पोट्ट्याने मोजल्या तर ९६. एका खुर्चीचे पैसे माझ्याकडून घेतले. काका बाजूलाच उभे, म्हणे, "पाय, आता जाते का नाई बरोबर भाग?"

पावती ग्रुपवर टाकलीय. सगळ्यांनी अंगठा दाखवलाय.