साखर कमी झाली तरी वजनं वाढली, म्हणून साखर निर्दोष ठरते का?

परत तोच ग्राफ फिरायला लागलाय. अमेरिकेचा. एक रेघ साखरेची, ती 1999 नंतर खाली येते, दुसरी रेघ लठ्ठपणाची, ती वर जातच राहते, आणि खाली लिहिलेलं असतं की बघा, साखरेला उगाच बदनाम केलं. मग कमेंट्समध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते साखर म्हणजे शुद्ध विष, दुसरी म्हणते साखरेचा काही संबंध नाही, कॅलरी मोजा आणि व्यायाम करा. मला दोन्ही पटत नाहीत आणि का पटत नाहीत ते आज सविस्तर लिहिते, पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी एक सांगते, ग्राफ खोटा नाही. साखरेच्या विरोधात बोलणारे बरेचजण इथेच गडबडतात, आकडेच नाकारायला जातात. 1970 च्या दशकात मक्यापासून बनवलेलं फ्रुक्टोज सिरप कोल्ड्रिंकमध्ये आलं, स्वस्त पडायचं म्हणून सगळीकडे पसरलं, आणि अमेरिकेत साखर न् सिरप मिळून माणशी पुरवठा वाढत वाढत 1999 च्या आसपास सगळ्यात वर गेला. तिथून उतार लागला. तिथल्या राष्ट्रीय आहार सर्वेक्षणात 1999-2000 ला वरून घातलेली साखर माणशी दिवसाला साधारण 100 ग्रॅम होती ती 2007-08 पर्यंत 77 ग्रॅमवर आली, आणि यातली जवळजवळ दोन तृतीयांश घट एकट्या कोल्ड्रिंकची होती. त्याच देशात मोठ्या माणसांमधला लठ्ठपणा मात्र 1999-2000 च्या 30.5 टक्क्यांवरून 2017-18 ला 42.4 टक्क्यांवर गेला. हे सगळं खरं आहे.

पण यातून साखर सुटत नाही. 77 ग्रॅम म्हणजे किती हो? चहाचा चमचा चार ग्रॅमचा धरला तर एकोणीस चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की अशी साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅम, आणि जमलं तर 5 टक्के, म्हणजे 25. मग 100 चे 77 झाले म्हणून वजनं उतरायला लागतील अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? धरणात येणारं पाणी जरा कमी झालं तरी ते सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्तच असेल तर पातळी चढतच राहणार ना. शिवाय पाणी एकाच ओढ्यातून येत नाही. 1970 ते 2010 या काळात अमेरिकेत माणशी रोजच्या कॅलरीचा पुरवठा, वाया जाणारं वजा करूनसुद्धा, वीस टक्क्यांहून जास्त वाढला आणि त्यात तेल आणि धान्याचे पदार्थ यांचा वाटा सगळ्यात मोठा. साखरेची रेघ खाली येत होती तेव्हा बाकीचं थांबलेलं नव्हतं.

आणि देशाची सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. दिवसाला लिटरभर कोल्ड्रिंक पिणारा आणि अजिबात न पिणारा, दोघं त्याच सरासरीत बसतात. कोणी कमी केली, कोणाचं वजन वाढलं, हे त्या दोन रेघांत कुठेच दिसत नाही. शिवाय आज चाळीस-पन्नाशीत असलेली तिथली माणसं मुलं होती तेव्हा साखरेची रेघ वर चढत होती, त्यामुळे लहानपणीच्या साखरेचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो अशी मांडणी काही संशोधकांनी केली आहे. ते मॉडेल आहे, पुरावा नाही, पण ग्राफ शेअर करणाऱ्यांनी निदान विचारात तरी घ्यावं.

ऑस्ट्रेलियात याच्यावरून मोठं भांडण झालंय. 2011 ला सिडनीच्या दोन संशोधकांनी पेपर लिहिला की 1980 ते 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात माणशी साखर 16 टक्क्यांनी घटली आणि लठ्ठपणा तिप्पट झाला, त्याला नावच पडलं ऑस्ट्रेलियन पॅराडॉक्स, म्हणजे ऑस्ट्रेलियातला विरोधाभास. मग रोरी रॉबर्टसन नावाचा एक अर्थतज्ज्ञ हात धुऊन मागे लागला, आणि त्याचा मुख्य मुद्दा काय होता, तर तिथल्या सांख्यिकी खात्याने साखरेच्या वापराची मोजणी 1998-99 नंतर बंदच केली होती, मग 2003 पर्यंतचा आकडा आणला कुठून. चौकशी बसली, गैरप्रकाराचे आरोप टिकले नाहीत, पण पेपरमधले मुद्दे नव्याने स्पष्ट करा असं त्यांना सांगितलं गेलं. मला यातून एवढंच दिसतं की ज्या आकड्यांवर आपण इतक्या ठामपणे भांडतो ते आकडे गोळा कसे होतात हे कोणी बघतच नाही. पुरवठ्याचा आकडा म्हणजे पोटात गेलेली साखर नव्हे, आणि माणसांना विचारून काढलेला आकडा म्हणजे माणसांना जेवढं आठवलं आणि जेवढं सांगावंसं वाटलं तेवढा.

आता दुसऱ्या पार्टीकडे येते, साखर म्हणजे विष वाली. यांचं म्हणणं असं की साखरेची कॅलरी वेगळीच असते, फ्रुक्टोज यकृतात जातं, तिथे चरबी बनते, म्हणून वजन वाढतं. यकृताचा भाग चुकीचा नाही, फ्रुक्टोज मुख्यतः तिथेच हाताळलं जातं आणि प्रमाणाबाहेर गेलं की चरबीही बनते. पण वजनाचं काय? 2013 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले आणि माझ्या मते या सगळ्या वादात सगळ्यात नीट वाचण्यासारखी गोष्ट ती आहे. ज्या प्रयोगांत लोकांना फक्त साखर कमी करा सांगितलं, बाकी पाहिजे ते खा, तिथे वजन सरासरी 0.80 किलोने कमी झालं. साखर वाढवली तिथे 0.75 किलोने वाढलं. आणि जिथे साखर काढून तेवढ्याच कॅलरीचं दुसरं पिष्टमय काहीतरी दिलं तिथे काहीच फरक पडला नाही.

हे परत वाचा प्लीज, कारण दोन्ही पार्ट्या यातलं अर्धंच सांगतात. कॅलरीवाले शेवटचं वाक्य उचलतात आणि म्हणतात बघा, साखरेत विशेष काही नाही. विषवाले पहिलं उचलतात. अहो पण खऱ्या आयुष्यात कोण मोजून मापून तेवढ्याच कॅलरीचं दुसरं खातं? माणूस साखर वाढवतो तेव्हा ती बाकीच्या जेवणावर चढवतो, वजा काही करत नाही. म्हणजे साखरेत जादू नाही, पण साखर नकळत जास्त खाल्ली जाते, आणि जाड होण्यासाठी तेवढं पुरतं. फक्त 0.80 किलो हा आकडाही लक्षात ठेवा. त्यात फायदा आहे, पण साखर सोडली की वीस किलो उतरतील असं छातीठोक सांगणाऱ्यांना तो आकडा साथ देत नाही.

आणि नकळत जास्त जाण्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पातळ साखर. इथे माझं मत एकदम पक्कं आहे आणि त्याचं कारण नेदरलँड्समधला एक प्रयोग, 2012 मध्ये छापलेला. साधारण पाच ते अकरा वर्षांची 641 मुलं, सगळी आधीपासून गोड पेयं पिणारी. त्यांना शाळेत रोज 250 मिलीचा एक डबा द्यायचा. अर्ध्यांच्या डब्यात 26 ग्रॅम साखर, 104 कॅलरी, बाकीच्या डब्यांत कॅलरी नसलेला कृत्रिम गोडवा. डबे खास या प्रयोगासाठी बनवलेले, कोणाला कुठला मिळतोय हे ना मुलांना माहीत ना वाटणाऱ्यांना, आणि मुलं खरंच पितायत का हे बघायला लघवीत गोडव्याचा अंश तपासला. दीड वर्ष हे चाललं. वाढती मुलं, त्यामुळे वजन दोन्हीकडे वाढणारच, साखरवाल्यांचं वाढलं 7.37 किलो आणि दुसऱ्यांचं 6.35. दिवसाला एक छोटा डबा, बाकी काही बदललं नाही, आणि दीड वर्षात एक किलोचा फरक. साधारण चौथा हिस्सा मुलं मध्येच सोडून गेली हे खरं, पण कोणाला काय मिळतंय हे लपवून इतका लांब चाललेला प्रयोग या विषयात दुर्मीळ आहे. ज्या मुलांनी साखरेच्या 104 कॅलरी प्यायल्या त्यांच्या पोटाने जेवताना तेवढ्या वळत्या करून घेतल्या असत्या तर हा फरक दिसलाच नसता. पोटाला प्यायलेलं नीट मोजता येत नाही, माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा हा आहे.

मग एकट्या साखरेलाच धरायचं का? तर नाही, आणि त्याला कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केविन हॉल यांचा 2019 चा प्रयोग. वीस माणसं संस्थेतच ठेवली, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या ताटात साखर, चरबी, तंतू, मीठ सगळं दोन्हीकडे सारखं बेतलेलं, खायचं किती ते तुमचं तुम्ही ठरवा. तयार खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढली. साखर सारखी असून! त्यामुळे उद्या सगळ्या पाकिटांतली साखर काढून त्यात दुसरं काही भरलं आणि वर शुगर फ्री लिहिलं तर आपण जिंकलो असं मला अजिबात वाटत नाही. 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडव्यांवर अवलंबून राहू नका.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळ्यांनी आधीच खूप लिहिलंय. 1967 ला हार्वर्डच्या संशोधकांचा जो लेख हृदयविकारासाठी चरबीकडे बोट दाखवत होता त्याला साखर उद्योगाने पैसे दिले होते, ही कागदपत्रं 2016 ला बाहेर आली. आणि 2013 चा एक अभ्यास सांगतो की गोड पेयं आणि वजन यांचा आढावा घेणाऱ्या लेखांपैकी ज्यांचे उद्योगाशी आर्थिक हितसंबंध होते त्यांनी गोड पेयांचा वजनाशी संबंध सिद्ध होत नाही असं म्हणण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. म्हणून "वाद आहे" असं कोणी म्हटलं की वाद कोणी जिवंत ठेवलाय हे पण विचारा.

आता जे मला खरंच लागतं ते. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणते, जाड आहे. घरी सगळे जमलो होतो, आणि एक काका सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "अगं साखर सोड जरा, बघ कशी बारीक होतेस." ताई शांतपणे म्हणाली, "काका, मी कित्येक वर्षं साखर घेतच नाही." काकांना पटलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ही लपून खात असणार. एकच खलनायक शोधण्याचा हा परिणाम आहे. एकदा ठरलं की जाडी म्हणजे साखर, की मग प्रत्येक जाड माणूस खोटारडा किंवा जिभेचा गुलाम ठरतो. झोप, औषधं, हार्मोन्स, आईवडिलांकडून आलेलं शरीर, दिवसभर बसून करायचं काम, यातलं काही विचारायची कोणाला गरजच वाटत नाही. आणि उलट बारीक माणूस दिवसाला तीन कोल्ड्रिंक पितो त्याला कोणी काही बोलत नाही, ते तर मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण साखरेचा हिशोब फक्त वजनकाट्यावर होत नाही. दात किडतात हे तर निर्विवाद. डायबेटिसचं बघा, ब्रिटनमध्ये युद्धानंतरचं साखरेचं रेशनिंग 1953 ला उठलं आणि मोठ्या माणसांचा वापर दिवसाला साधारण 41 ग्रॅमवरून 80 ग्रॅमवर गेला. 2024 ला छापलेल्या अभ्यासात रेशनिंगच्या काळात गर्भात आणि पहिली एक-दोन वर्षं काढलेल्या मुलांची तुलना त्यानंतर लगेच जन्मलेल्यांशी केली, तर पुढे मोठेपणी टाइप 2 डायबेटिसचा धोका रेशनिंगवाल्यांत साधारण 35 टक्क्यांनी कमी निघाला.

म्हणून वजन आणि साखर यांचं नातं किती घट्ट हा वाद चालू असला तरी एक पाकीट हातात घेऊन बघाच. चव खारट असलेलं घ्या मुद्दाम. मागे बारीक अक्षरात ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट यातलं एखादं तरी बऱ्याचदा सापडतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे साखर तीन-चार नावांत विभागली की कुठलंच नाव यादीत वर येत नाही. चिलीने 2016 मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, साखर जास्त आहे असं सरळ लिहिलेला. ज्याला खायचंय त्याने खावं, पण बघून खावं, मला हे फार पटतं.

आणि गोड पेयांवरच्या कराच्या मी बाजूने आहे, सरळ सांगते. ब्रिटनने 2018 च्या एप्रिलमध्ये लावला तेव्हा तो 100 मिलीमागे साखर किती यावर ठेवला, 5 ग्रॅमच्या खाली असेल तर कर शून्य. कंपन्यांना 2016 पासूनच माहीत होतं, त्यामुळे बऱ्याच पेयांतली साखर कर सुरू व्हायच्या आधीच कमी झाली, पिणाऱ्याला स्वतःहून काही सोडावं लागलं नाही. नंतरच्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जितका झाला असता त्यापेक्षा, साधारण 8 टक्क्यांनी कमी दिसला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये काहीच फरक दिसला नाही. संशोधकांनी जाहिरातींपासून मुलांच्या सवयींपर्यंत वेगवेगळी कारणं मांडली आहेत, ठरलेलं काही नाही. तोच कर, तीच पेयं, त्याच शाळा, मग मुलग्यांमध्ये का नाही? कमेंट्समध्ये भांडायचंच असेल तर या प्रश्नावर भांडा, मी नक्की येते.