जेल सोलून निघतं, पण एकटं निघत नाही

लग्नसराई सरली की हा मेसेज फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात या आठवड्यात तीनदा आला: "जेल पॉलिश काढायला पार्लरमध्ये पैसे घालवू नका. असिटोन म्हणजे विष, नखं जाळतं. कोमट पाण्यात लिंबू, मीठ, खोबरेल तेल घालून बोटं बुडवा. कडेनं उचला, अलगद सोलून निघेल. मग दोन महिने नखांना श्वास घेऊ द्या." मी ठाण्यात बारा वर्षं नखांचंच काम करते, म्हणून सगळ्यांनी मला धरलं, "ताई, खरं का हो?"

"अलगद सोलून" पासूनच सुरुवात करते, खरी वाट तिथेच लागते. नख म्हणजे एकावर एक बसलेले पापुद्रे, सगळे मिळून साधारण अर्धा मिलिमीटर. बेस कोट, म्हणजे जेलचा सगळ्यात खालचा थर, नखाच्या वरच्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतो. पार्लरमधल्या यूव्ही दिव्याखाली कडक झालेलं जेल पाणी, तेल, लिंबू कशालाच दाद देत नाही. नख मात्र पाणी पितं आणि मऊ पडतं. जेल होतं तसंच, खालचं नख हळवं, आणि अशात कडेनं ओढलं की जेलबरोबर पापुद्राही येतो. सोललेला तुकडा उलटा करून उजेडात धरा. आतून पांढरट, खरखरीत थर दिसला, तर ते तुमचं नख आहे.

मागच्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी आली. टीव्ही बघता बघता दहाच्या दहा सोलली होती. अंगठ्यावर पांढरे खडबडीत चट्टे, गरम चहाचा कप धरला तरी झोंबतं म्हणाली. "वरून दुसरं लावून द्या ना." नाही लावलं. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने लागतात, तेवढे काढायचे. लिंबू-मीठ लोणच्याला ठेवा, सोललेल्या बोटाला नको.

आता असिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव. कोरडं करतं, हे खरं. नख आणि आजूबाजूची कातडी पांढरीफटक दिसते, पण तेल चोळलं की बरीचशी पूर्ववत होते. ते जेलला फुगवून सुटं करतं, नख जाळत नाही. विष म्हणावं तर आपलं शरीरही थोडंसं असिटोन तयार करतं, कडक उपास लांबला की श्वासाला त्याचा वास येतो. धोका आहे तो आगीचा. असिटोन भसकन पेट घेतं आणि ५६ अंशांनाच उकळतं. कोमट करायला वाटी गॅसवर ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात! देवाजवळ निरांजन लागलेलं असेल तर त्या खोलीत बाटली उघडूसुद्धा नये, आणि खिडकी उघडी हवी. मेसेजात हे लिहिलं असतं तर मीही पुढे पाठवला असता.

पार्लरमध्ये व्हायला हवं ते असं. १८० ग्रिटच्या, म्हणजे मध्यम खरखरीत, फाइलनं आधी टॉप कोटची, म्हणजे सगळ्यात वरच्या थराची, चकाकी घालवायची, नाहीतर असिटोन आत शिरतच नाही. नखाभोवती व्हॅसलीन. नखाएवढाच कापूस असिटोनमध्ये भिजवून ठेवायचा, वर फॉइलची टोपी. दहा-पंधरा मिनिटांनी उघडलं की जेल भिंतीच्या पोपडे धरलेल्या रंगासारखं उचललेलं दिसतं. लाकडी काडीनं हलकंच ढकललं की सरकायला हवं. नाही सरकलं तर परत फॉइल, आणखी पाच मिनिटं. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की नेमकी हीच पाच मिनिटं खाल्ली जातात आणि खरवडायला लोखंडी पुशर बाहेर येतो.

एकीनं मेसेजला पुस्ती जोडली होती: "पार्लरवाल्याच ड्रिल मारून नखं पातळ करतात." हे मला खोडता येत नाही. घाईत ड्रिल थेट नखापर्यंत नेणाऱ्या आहेत. चटका बसला की हात मागे घ्या, लाजू नका. मात्र हार्ड जेल नावाचा जेलचा वेगळा प्रकार असिटोननं सुटत नाही, ते घासूनच काढावं लागतं, तेही नखावर पातळ थर राखून. म्हणून लावतानाच विचारून घ्या, भिजवून निघणारं आहे की नाही.

श्वासाचं थोडक्यात: नख मेलेलं असतं, त्याला नाक नाही. वाढीला लागतं ते मुळाशी रक्तातून मिळतं. सुट्टी द्यायची ती नख पातळ झालं, दुखतंय किंवा नखुरडं झालंय म्हणून. हिरवट डाग दिसला, बोटांना खाज-पुरळ आली, तर त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा. खाज जेलच्या ॲलर्जीचीही असते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "छान माहिती ताई. पण खोबरेल तेल चालेल ना?"

चालेल. जेल निघाल्यावर.