सेन्सर सुटता सुटेना

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाकडे कोल्हापुरात दोन नजरांनी बघतात. गाडी पळत असेल तर 'नाद खुळा'. जॅकवर असेल तर नुसताच 'खुळा'.

माझी गाडी सध्या जॅकवर होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, आणि दुखणं निघालं सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरांचं. ते चार. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या दोन अलीकडे, दोन पलीकडे. अलीकडचा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतो आणि पेट्रोल वाढव, कमी कर अशा सूचना पोचवतो. लग्नात आचाऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या मामासारखा. पलीकडचा, कन्व्हर्टर काम करतोय का यावर पाळत ठेवतो. बदलायला सोपे: २२ चा पाना लावा, फिरवा, काढा. असं पुस्तकात.

पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला पावसाळा बघितलेला नसावा. तापून लाल होणारा पाइप, त्यावर रस्त्यावरचं पाणी, वर्षानुवर्षं. आटे गंजून पाइप आणि सेन्सर एकजीव झाले होते.

गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरवलं. सकाळी पाना लावला, तर पान्याच्या आड सेन्सरची वायर. म्हणून उद्यमनगरातल्या मिस्त्रींना गाठलं. या उद्यमनगरात माणूस सुटा भाग मागायला जातो आणि तासाभरात तो घडवून घेऊन येतो. मिस्त्रींनी २२ ची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, घेतली, ग्राइंडरनं तिला वायर जाईल एवढी उभी चीर पाडली, धार घासली, आणि माझ्या हातात देता देता विचारलं, "जुना सेन्सर परत बसवायचाय व्हय?"

"नाही, टाकायचाय."

"मग वायर काप की! रिंग पाना घाल वरनं. ही गोटी नवा बसवताना वापर."

गोटीचे पैसे मात्र त्यांनी आधीच घेतले होते.

मिस्त्रींना घेऊन गाडीपाशी आलो, पाना लागला. आता बघे जमले. पान्याला पाइप जोडा, गॅस मारा, देवाचं नाव घ्या. शेजारच्या काकांनी तर पान्यावर उभं राहायची तयारी दाखवली. त्यांचं वजन बघता सेन्सर राहिला असता पाइपात आणि षटकोन आला असता पान्यात. मिस्त्रींनी त्यांना हातानंच मागं सारलं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून पाइप तापवला आणि म्हणाले, "आधी आवळा."

"आवळू? मला सोडवायचाय!"

"आवळा हो. गंज मोडूदे."

आवळला. 'कट्ट' आवाज आला. मग थोडा सोड, तेल मार, परत आवळ. दर वेळी चतुर्थांश फेरा. पहिला किंचाळत निघाला, दुसरा मुकाट. तिसऱ्यानं येताना पाइपाचे आटेही ओरबाडून आणले, मग आटे नव्यानं पाडायला १८ बाय दीडचा टॅप मारावा लागला. नव्या सेन्सरच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस, टोकाला मात्र थेंबही नाही. तिथं लागलं की नवा सेन्सरही गेलाच.

चौथ्याला गर्दी वाढली. वडापाव आले. काकांनी बाह्या सरसावल्या. मिस्त्रींनी पाना लावायच्या आधी सहज चिमटीत धरून बघितला, तर सेन्सर हातानंच फिरू लागला.

"आँ? एवढ्यासाठी थांबलो व्हय आम्ही?" काका म्हणाले, आणि उरलेला वडापाव घेऊन निघून गेले.