स्थापना 1987 म्हणे!

आज सकाळी पुन्हा आईला वॉकरसकट रस्त्यावर उतरवावं लागलं. मागून रिक्षावाला हॉर्न बडवतोय, समोरून टेम्पो, आणि ती बिचारी एक एक पाऊल टाकत देवळाला वळसा घालतेय. प्रदक्षिणाच म्हणा की! पुण्य एवढंच की टेम्पोने धडक दिली नाही.

फूटपाथ आहे हो आमच्याकडे. चांगला सहा फुटी आहे. त्यातले साडेपाच फूट देवाने घेतलेत. देवाने कसले, मंडळाने.

सगळं माझ्या डोळ्यांदेखत वाढलंय. आधी पिंपळाखाली शेंदूर फासलेला एक दगड. कुणी ठेवला, कुणालाच माहीत नाही. मग कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या निळ्या टाइल्सचा कट्टा. कट्ट्याला ग्रिल, ग्रिलला कुलूप, कुलपाआड दानपेटी. (दानपेटी आली की समजायचं, आता हे हलत नाही.) मग पत्रा, मग कळस, मग रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून ओढलेली वायर. आता सीसीटीव्हीसुद्धा. गल्लीत तीन घरं फुटली तेव्हा कॅमेरा लावायला कुणाकडे पैसे नव्हते.

आणि गेल्या महिन्यात नवा बोर्ड: ‘जागृत देवस्थान, स्थापना 1987’. अरे, काही लाज? 2012 पर्यंत याच जागेवर चप्पल शिवणारे काका बसायचे. माझ्या बॅगेची चेन मी तिथेच बसवून घेतलीय. पादचाऱ्यांना अडथळा होतो म्हणून एक दिवस अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला आणि त्यांची लाकडी पेटी उचलून घेऊन गेला. अडीच फुटांची पेटी! तिचा अडथळा होत होता.

1987 कुठून आलं तेही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 ला स्पष्ट सांगितलंय की इथून पुढे रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावाखाली अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आधीची असतील त्यांचं एकेक प्रकरण तपासून हटवा, हलवा किंवा नियमित करा. ही पळवाट मंडळाला बरोबर कळली. मग काय, रंगाचा डबा आणला आणि देवाचं वय वाढवलं. आमच्याकडे माणसं शाळेच्या दाखल्यावर वय चोरतात, देव बोर्डावर वाढवून घेतो.

बोलायला गेलं की ठरलेलं उत्तर, ‘पुढच्या चौकातली त्यांची मजार नाही दिसत का तुम्हाला?’ दिसते ना! तिथेही आईला खाली उतरावं लागतं. पलीकडच्या वळणावर क्रॉसभोवती नवा कठडा झालाय, तिथेही उतरते. माझ्या आईइतकी सर्वधर्मसमभावी बाई अख्ख्या वॉर्डात सापडायची नाही.

दुसरं उत्तर, ‘तुमची श्रद्धा नाही.’ मी संकष्टी धरते हो! चंद्र ढगात असला तर अकरा वाजेपर्यंत उपाशी बसते. श्रद्धा घरात करायला मला कुणाचा फूटपाथ लागत नाही. आणि धर्मस्वातंत्र्य सांगणारे संविधानाचं कलम 25 कधी उघडून बघतात का? त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून अशी आहे. कलम 27 तर म्हणतं की कुठल्या एका धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती कुणावरही करता येत नाही. मग त्या खांबातल्या विजेचं बिल कोण भरतंय? मीच ना?

सगळ्यात हुशार निघाली भाजीवाली मावशी. तिची टोपली दोनदा ट्रकमध्ये गेली, तेव्हापासून ती देवळाच्या भिंतीला पाठ टेकून बसते. ‘इथं गाडी येत नाही ताई,’ म्हणाली. रोजचे वीस रुपये दानपेटीत टाकते. म्हणजे उरलेल्या अर्ध्या फुटाचंही भाडं मंडळालाच.

शेवटी परवा तक्रारीचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले. सोबत फोटो, फूटपाथची मापं, सगळं जोडलेलं. टेबलं सगळी रिकामी. आतल्या हॉलमध्ये केळीचे खांब बांधलेले, चौरंग, कलश, लाउडस्पीकरवर कथेचा चौथा अध्याय. सरकारी ऑफिसात, कामाच्या वेळेत, सत्यनारायण! ज्या साहेबांना अर्ज द्यायचा होता ते सोवळं नेसून पूजेला बसलेले.

शिपाई म्हणाला, ‘आज पूजा आहे मॅडम, अर्ज सोमवारी आणा.’ आणि शिऱ्याचा द्रोण हातात ठेवला.

मी अर्ज बगलेत मारून तिथेच खाल्ला. शिरा मात्र चांगला झाला होता.